आठ रांगा, एक फ्रिज

उस्ताद हिल्मी मला पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको असायचा, हे आधीच सांगून टाकते. माणूस ऑफिस सोडून गेला की त्याचे गोडवे गायची आमच्या अलेक्झांड्रियात भारी हौस. समोर असताना ज्याच्याशी कुणी धड बोललं नाही, त्याच्या नावाने मग उसासे टाकायचे. मला नाही जमत ते. हिल्मी खडूस होता, हट्टी होता, आणि सगळ्यात वाईट म्हणजे बहुतेक वेळा बरोबर असायचा. असल्या माणसाबरोबर सात वर्षं एका खोलीत काढून बघा, मग बोला.

चष्मे दोन, एक नाकावर, एक कपाळावर. मिशीत सकाळच्या तिळाच्या ताहिन्याचा थेंब. रोज दोन उकडलेली अंडी आणायचा आणि टरफलं माझ्या टोपलीत टाकायचा. मी म्हटलं, "उस्ताद, तुमची टोपली काय शोभेला आहे का?" तर म्हणे, "माझ्या टोपलीत कागद असतात, पोरी." मी पस्तिशीची बाई, दोन मुलांची आई, पण त्याच्या लेखी पोरीच.

आमची कंपनी इस्पितळांसाठी प्रोग्राम बनवते. मी प्रोग्राम लिहायची, हिल्मी तपासायचा. तपासायचा म्हणजे स्वतः बटणं दाबत बसायचा असं नाही. त्याने तपासणारे छोटे छोटे प्रोग्राम लिहून ठेवले होते, मोजून अकराशे चाळीस. त्यांना आम्ही टेस्ट म्हणतो. एकेक टेस्ट आमच्या प्रोग्रामला एकेक प्रश्न विचारते. उत्तर बरोबर आलं की पडद्यावर हिरवी ओळ, चुकलं की लाल. लाल आली की हिल्मीचा चेहरा उजळायचा, आणि मग मला पत्र यायचं. चार हातांवर बसलेला माणूस, पण पत्र कोर्टाच्या समन्ससारखं: "इंजिनियर सफिनाझ यांच्या निदर्शनास आणून देण्यात येते की, रुग्णाचे वय उणे तीन वर्षे टाकले असता आपला प्रोग्राम ते आनंदाने स्वीकारतो." तो 'आनंदाने' मला डिवचायला घातलेला असायचा. सात वर्षांत त्याने माझ्या चारशे बारा चुका काढल्या. आकडा मला पाठ आहे, कारण प्रत्येक पत्राला तो क्रमांक घालायचा.

मुळात हा बाबा कापड गिरणीतला तपासनीस. ताग्यावरून बोटं फिरवून कुठे धागा सुटलाय ते सांगायचा. गिरणीने माणसं काढली तेव्हा याची चाळिशी आलेली. भाचीच्या जुनाट संगणकावर बसून हे काम शिकला. पदवी नाही. आमच्याकडे कीबोर्डला हात लावलेल्या कुणालाही 'बाशमुहंदिस' म्हणतात, म्हणजे थोर इंजिनियर. कॉलेजातून कालपरवा आलेलं शेंबडं पोरही बाशमुहंदिस. हिल्मी मात्र सात वर्षं नुसता उस्ताद, म्हणजे साधा श्रीयुत, राहिला. त्याला त्याचं काही वाटायचं की नाही, मी कधी विचारलं नाही.

तर ह्या अकराशे चाळीस टेस्ट एकामागून एक चालायच्या. सकाळी दहाला सुरू केल्या की दोनला संपणार. चार तास हिल्मी भोपळ्याच्या खारट बिया सोलत पडद्याकडे बघत बसायचा. आणि ह्या सगळ्या टेस्टचा रुग्ण एकच होता: आमचा चहावाला, अम्म बयूमी, म्हणजे बयूमीकाका.

त्याचं असं झालं. आमच्या ओळखपत्राचा आकडा चौदा अंकी. त्यात जन्मतारीख, प्रांत, बाई की बुवा, सगळं कोंबलेलं, आणि शेवटचा अंक हिशेबाने जुळावा लागतो. मनाला येईल तो आकडा टाकला तर आमचाच प्रोग्राम तो थुंकून टाकतो. हिल्मीला पहिली टेस्ट लिहायला एक खरा आकडा हवा होता. तेवढ्यात बयूमी चहा घेऊन आला. हिल्मी म्हणाला, "अम्म बयूमी, तुमचं कार्ड द्या जरा." झालं. दुसरी टेस्ट पहिलीवरून उतरवली, तिसरी दुसरीवरून. दिवसातून अकराशे चाळीस वेळा बयूमी इस्पितळात दाखल व्हायचा, रक्त घ्यायचा, बरा व्हायचा, मरायचा, पुसला जायचा आणि पुन्हा दाखल व्हायचा. एका टेस्टमध्ये तर तो गरोदर असायचा, प्रोग्राम त्याला हाकलतो की नाही ते बघायला. आम्हा सगळ्यांना हे ठाऊक होतं. चाललंय ना, मग हात कशाला लावा, हे आमच्या ऑफिसचं पहिलं कलम.

आणि मग आला हैसम.

हैसम दुबईला तीन वर्षं राहून आलेला. तिथे तो नक्की काय करत होता हे आजतागायत कुणाला कळलेलं नाही, पण प्रत्येक वाक्य 'दुबईत आम्ही'ने सुरू. पायात पांढरे बूट, मोजे नाहीत. आमच्या मालकाला तो असा काही भावला की आल्या आल्या आमच्या डोक्यावर आणून बसवला. पहिल्याच सभेत त्याने हिल्मीला विचारलं, "उस्ताद, चार तास? चार तासांत दुबईत आम्ही चारदा प्रोग्राम बदलायचो. सगळ्या पॅरलल का चालवत नाही?"

पॅरलल म्हणजे काही जादू नाही. सरकारी रोटीच्या भट्टीवर एकच खिडकी असली की रांग चौकापर्यंत जाते. आठ खिडक्या उघडल्या की आठ रांगा, आणि लोक लवकर घरी. तसंच हे. आठ टेस्ट एका वेळी चालवायच्या. हैसमचं म्हणणं चूक नव्हतं, हे मी आजही म्हणेन. पण खिडक्या उघडायच्या आधी रांगेत कोण उभं आहे ते तरी बघावं की नाही? त्याने बघितलं नाही. हिल्मी म्हणाला, "थोडे दिवस द्या," तर हा म्हणतो, "एक ओळ बदलायची आहे, उस्ताद." आणि त्याने स्वतःच्या हाताने ती बदलली.

जे झालं ते बघायला अख्खं ऑफिस जमा झालं. आठ रांगांत आठ बयूमी. एक टेस्ट त्याला दाखल करतेय, दुसरी त्याच वेळी पुसतेय. तिसरी त्याला रक्त द्यायला गेली तर चौथीने त्याला आधीच मारलेला. सातशेवर लाल ओळी. तेवढ्यात बयूमी थाळी घेऊन दारात.

"काय हो बाशमुहंदिस लोक, आज मी कसा आहे?"

"मेलात, अम्म," कुणीतरी ओरडलं. "आणि त्याच वेळी बाळंत झालात."

"बरं झालं. बायको म्हणतच होती, तुम्ही एका वेळी एक काम कधी करतच नाही." त्याने थाळी ठेवली. "मग मेल्याच्या हातचा चहा चालेल ना?"

सगळे पोट धरून हसले. मीही हसले, सगळ्यांत मोठ्याने. हिल्मी हसला नाही. हैसमने हात झटकले. "दुबईत असल्या टेस्ट आम्ही कचऱ्यात टाकतो." मग त्याने सांगून टाकलं. महिनाअखेरीस रक्तपेढीचा नवा प्रोग्राम एका इस्पितळाला द्यायचा होता. तोपर्यंत टेस्ट अर्ध्या-पाऊण तासात संपून हिरव्या दिसल्या तर ठीक. नाही तर टेस्टही नकोत आणि तपासनीसही नको, ज्याने त्याने आपापलं तपासावं. म्हणजे पोरांनी आपापले पेपर तपासायचे! आणि ह्या शहाण्याला पगार कशाचा, तर असल्या कल्पनांचा.

हिल्मी कामाला लागला. मला वाटलं होतं, रडेल, भांडेल, मालकाकडे जाईल. छे. सोळा दिवस मान वर केली नाही. प्रत्येक टेस्टला वेगळा रुग्ण, वेगळा चौदा अंकी आकडा, शेवटचा अंक जुळवून. नावं कुठून आणली म्हणाल तर गिरणीतल्या माणसांची. धागा जोडणाऱ्या बाया, रंगारी, दरवान, सगळे इस्पितळात भरती. अंडी खायलाही उठायचा नाही, टरफलं टेबलावरच. आणि सोळाव्या दिवशी आठ रांगांत सगळ्या टेस्ट एकतीस मिनिटांत संपल्या. एकतीस! हा माणूस लहान मुलासारखा माझ्याकडे वळून म्हणाला, "पोरी, तो पांढरा बूट बरोबर बोलत होता हं. मी चार तास उगाच घालवत होतो." मला रागच आला. हरलेल्या माणसाने जरा कुढावं तरी.

पण एक टेस्ट मधूनच लाल व्हायची. वीस वेळा चालवली तर एकोणीसदा हिरवी, एकदा लाल. ती अशी होती: फ्रिजमध्ये ओ निगेटिव्ह रक्ताची शेवटची पिशवी आहे, ती एका रुग्णासाठी मागायची. शेजारच्या रांगेतली दुसरी टेस्टही तीच पिशवी आपल्या रुग्णासाठी मागायची. ज्याला आधी मिळाली त्याला मिळाली, दुसऱ्याला 'शिल्लक नाही' असं उत्तर यायला हवं, आणि दोन्ही टेस्ट त्या हिशेबाने लिहिलेल्या. लाल व्हायची तेव्हा दोघांनाही उत्तर आलेलं असायचं: पिशवी तुमची.

हैसम म्हणाला, "तीच बयूमीची भानगड. टेस्ट एकमेकींच्या पायात येतात. प्रत्येकीला वेगळा फ्रिज द्या."

"रुग्ण वेगळे दिलेत मी," हिल्मी म्हणाला. "फ्रिज एकच ठेवलाय. इस्पितळात फ्रिज एकच आहे."

"उस्ताद, आपण इस्पितळ चालवत नाही, टेस्ट चालवतो. बरं, फ्रिज नको, दुसरा उपाय. लाल झाली की पुन्हा चालवायची. तीनदा. एकदा जरी हिरवी आली तरी हिरवी."

"तराजू मनासारखा झुकेपर्यंत वजन करत राहायचं, असंच ना?"

"दुबईत सगळे असंच करतात."

"मग दुबईत कुणी रक्त घेऊ नये," हिल्मी म्हणाला आणि बिया सोलू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो खुर्ची ओढत माझ्या टेबलाशी आला. हातात वही, चौकटीच्या कागदाची. त्याने त्या लाल ओळींच्या वेळा उतरवून ठेवल्या होत्या, सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत. "हे बघ पोरी. दोन्ही मागण्या जेव्हा इतक्या जवळजवळ येतात, तेव्हाच लाल. एरवी कधीच नाही. टेस्ट नाही भांडत. पिशवी वाटणारा भाग तुझा ना? एकदा बघतेस का?"

मी बघितलं. मिनिटही लागलं नाही. माझा प्रोग्राम आधी फ्रिजमध्ये डोकावायचा, पिशवी आहे ना? आहे. मग ती रुग्णाच्या नावावर लिहायचा. डोकावणं आणि लिहिणं यांच्या मध्ये फट होती, अगदी बारीक. त्या फटीत दुसरा डोकावला तर त्यालाही पिशवी दिसणार. हिल्मीच्या टेस्ट एकामागून एक चालत होत्या तोवर दुसरा डोकावणारा कुणी नव्हताच, म्हणून माझी चूक इतके दिवस सुखाने झोपली होती. आठ रांगा झाल्या आणि ती उघडी पडली. पॅरलल चालवण्याचा खरा फायदा कुणाला झाला असेल तर रक्त घेणाऱ्यांना, आणि तो हिल्मीने करून दिला होता.

मला हे सगळं त्या मिनिटात कळलं. अगदी लख्ख. आणि मी म्हटलं, "उस्ताद, मला नाही वाटत. तुमच्याच टेस्ट गोंधळ घालतायत."

का म्हटलं? उगाच लाजायचं कशाला, सांगते. हा प्रोग्राम वेळेवर गेला की मला टीमची प्रमुख करणार होते, मालकाने तसं हळूच कानात सांगितलं होतं. हे एक. पण खरं सांगायचं तर तेवढंच नव्हतं. चारशे तेरावं पत्र मला नको होतं. त्या अंडी खाणाऱ्या, पदवी नसलेल्या म्हाताऱ्याने पुन्हा एकदा माझ्या कापडावरून बोट फिरवावं आणि नेमका तिथेच धागा सुटलेला निघावा, हे मला सहन होईना. मत्सर म्हणा हवं तर. मी तेच म्हणते.

हिल्मीने वही मिटली. "बरं. परत बघ एकदा, घाई नाही," म्हणाला. त्याने पत्र पाठवलं नाही. माझ्यावर विश्वास होता त्याचा, मूर्खाचा.

गुरुवारी सभा झाली. मालक, हैसम, आम्ही सगळे. प्रोग्राम रविवारी द्यायचा, सोमवारी रक्तपेढी त्यावर चालू होणार. आमच्याकडे रीत अशी की प्रोग्राम द्यायच्या आधी हिल्मी एका कागदावर 'तपासले, योग्य आहे' लिहून सही करायचा आणि वर रबरी शिक्का मारायचा. शिक्का त्याने स्वतःच करून आणलेला, त्याला शोभणारा. शिक्क्याशिवाय आमच्या देशात कुत्रंही भुंकत नाही. त्या दिवशी त्याने शिक्का बाहेरच काढला नाही.

"मी नाही मारणार," तो म्हणाला. "एक पिशवी दोघांना जाते. टेस्ट सांगतेय."

हैसम हसला. "टेस्ट काय सांगतेय? एकोणीसदा हो, एकदा नाही. असल्या बाईच्या बोलण्यावर लग्न तरी ठरवाल का, उस्ताद? ह्याच टेस्टनी परवा बयूमीला बाळंत केलं होतं."

पुन्हा हशा.  हिल्मीने माझ्याकडे हात केला. "तो भाग सफिनाझने लिहिलाय. तिला विचारा. ती सांगेल."

मालकाने विचारलं, "काय गं, प्रोग्रामची चूक आहे का?"

खोलीत सहा माणसं होती. बयूमी चहाचे पेले ठेवत होता. मी पेल्यात साखर ढवळत होते, ती विरघळून किती वेळ झाला होता कोण जाणे. एक वाक्य बोलायचं होतं. 'हो, माझी चूक आहे, तीन ओळींत दुरुस्त होईल.' एवढंच. कुणी मला फाशी देणार नव्हतं.

"मला तसं काही आढळलं नाही," मी म्हटलं.

हैसमने टाळी वाजवली. ती टेस्ट 'दुर्लक्ष करा'च्या यादीत गेली. ऑफिसच्या भाषेत त्याचा अर्थ, टेस्ट चालेल, पण लाल झाली तरी तिच्याकडे कुणी बघायचं नाही. आणि हिल्मीला सांगितलं गेलं, सही करा, नाहीतर फोनवर बसा, इस्पितळांच्या तक्रारी घ्या. तपासनीसाची गरज आता राहिली नाही. हिल्मीने वही उचलली. "फोन मला ऐकू येत नाही नीट," म्हणाला. "रविवारी येऊन सगळं समजावून देतो पोरांना. मग नाही येत." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ती अशी दिसते. आणि चोर चहा पीत बसलेला असतो.

शुक्रवारी, आमच्या सुट्टीच्या दिवशी, घरी सगळे जेवणाची वाट बघत आडवे झाले होते. चुलीवर द्राक्षपानांचे भरलेले रोल शिजत होते, दुपारची नमाज नुकतीच संपलेली. मी संगणक उघडला आणि ती फट बुजवली. आता प्रोग्राम डोकावतानाच पिशवीवर हात ठेवतो, मग दुसऱ्याला ती दिसतच नाही. तीन ओळी. बदलाच्या टिपणीत लिहिलं, 'किरकोळ साफसफाई'. असल्या टिपणीकडे कुणी ढुंकून बघत नाही. संगणक मिटला आणि मला चक्क हलकं वाटलं. कुणाच्या जिवाला धोका नाही, प्रोग्राम चोख, मी प्रमुख. म्हटलं, सफिनाझ, तू वाईट नाहीस. माणूस स्वतःला किती स्वस्तात माफ करतो! मांजर डोळे मिटून दूध पितं, ते तरी निदान भुकेने पितं.

रविवारी हिल्मी आला, इस्त्रीचा शर्ट घालून. दोन पोरांना दिवसभर समजावत होता, कुठली टेस्ट कशासाठी, कुठे काय बघायचं. ती पोरं फोन चाळत 'हो उस्ताद, हो उस्ताद' करत होती. चारच्या सुमाराला तो माझ्या टेबलाशी आला. या वेळी खुर्ची ओढली नाही, उभाच राहिला.

"ती पिशवीची टेस्ट," तो हळू म्हणाला, "मी आज चाळीस वेळा चालवली. चाळीसदा हिरवी."

"बरं झालं की मग."

"मी काहीच बदललेलं नाही." त्याने कपाळावरचा चष्मा काढून पुसला. "म्हणून बदलांची यादी वाचली. शुक्रवारची साफसफाई वाचली. चांगली केलीस. बघताना हात ठेवायचा. मीही तेच सुचवणार होतो."

 मी दाराकडे बघितलं, कुणी ऐकतंय का.

"कुणी नाहीये," तो म्हणाला. "मी ओरडायला नाही आलो. गिरणीत विणकर तागा फाडायचे आणि मला म्हणायचे, तुझ्या बोटांनी फाटला. सवय आहे मला. रक्त ज्याचं त्याला जाईल आता, ते महत्त्वाचं. पण पोरी, माझी टेस्ट खोटं बोलली नव्हती. ते एवढं तू सांग त्यांना. आज नको. तुझं सगळं बसलं की सांग."

"सांगेन, उस्ताद," मी म्हटलं. आणि त्या क्षणी मला ते खरं वाटलं, देवाशपथ.

मी प्रमुख झाले. ऑफिसात रव्याच्या गोड बसबूसाचा मोठा ट्रे आणला, बयूमीने प्रत्येकाला तुकडा वाढला. महिन्याभराने सभेत हैसम उठून म्हणाला, "बघा, हिल्मी गेल्यापासून ती टेस्ट एकदाही लाल झालेली नाही. एकदाही नाही! आता सांगा, दोष कशात होता?" सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्याच तीन ओळी पुरावा झाल्या, हिल्मीविरुद्ध.  मालकाने माझ्याकडे बघून मान हलवली, तर मीही हलवली. पुढे नवी पोरं आली की हैसम त्यांना हाच किस्सा सांगायचा, खोट्या टेस्टवाला म्हातारा आणि बाळंत झालेला चहावाला. पोरं हसायची. मी प्रमुख असल्यामुळे मला आधी हसावं लागायचं.

हिल्मी मधल्या काळात नोकरी शोधत होता, असं बयूमी सांगायचा. दोघे बाकोस मोहल्ल्यातच राहतात, सकाळी एकाच दुकानात नाश्त्याला घेवड्याच्या दाण्यांचं 'फूल' घेतात. पंचावन्न वर्षांचा, पदवी नसलेला, आणि त्याच्या टेस्ट खोट्या लाल होतात अशी कुजबुज पुढे पोचलेली. अलेक्झांड्रियात आमच्या धंद्यातली माणसं ती किती, सगळे सगळ्यांच्या लग्नात जेवलेले.

चार महिन्यांनी एका सकाळी मला फोन आला. कैरोची एक कंपनी, औषधांचे प्रोग्राम करणारी. बाई बोलायला गोड होती.

"बाशमुहंदिस सफिनाझ ना? उस्ताद हिल्मी आमच्याकडे येऊन गेले. माणूस आम्हाला फार आवडला. आमच्याही टेस्ट पॅरलल करायच्या आहेत, आणि ते काम त्यांच्याइतकं समजणारं कुणी भेटलं नाही. फक्त एक गोष्ट ऐकली. तुमच्याकडे शेवटी काहीतरी लाल टेस्टवरून झालं म्हणे. दोष त्यांच्या टेस्टचा होता की प्रोग्रामचा, एवढंच विचारायचं होतं. आम्ही त्यांनाच विचारलं, तर म्हणाले, मी सांगून काय उपयोग, सफिनाझला विचारा, तिला सगळं माहीत आहे. नंबरही त्यांनीच दिला तुमचा."

काचेपलीकडे हैसम पांढरे बूट टेबलावर ठेवून बसला होता. माझं दार उघडं होतं. मी उठून ते लावू शकले असते.

"नाही हो," मी म्हटलं. "मला त्यातलं फारसं काही माहीत नाही."